रेव्हिटमध्ये घराच्या मजल्यांची उंची बदलताना आधी शून्य ठरवा, मग लेव्हल हलवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातल्या एका गावात तळमजला अधिक एक मजला असं घर, वर जिन्याची टोपी (गच्चीवरची जिन्याची खोली). मॉडेल रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पूर्ण झालंय. आता दारासमोरचा रस्ता काँक्रीटचा होऊन फूटभर वर येणार, म्हणून मालक जोतं दीड फुटाचं अडीच फूट करा म्हणतात. शिवाय एप्रिल-मेचं ऊन सोसवत नाही, म्हणून तळमजल्याची उंची दहाची अकरा फूट हवी. पहिल्या मजल्याच्या लेव्हलचा, म्हणजे मजल्याची उंची दाखवणाऱ्या रेषेचा, आकडा बदलला, तर वरचा मजला बुटका झाला, काही भिंती अर्ध्यात थांबल्या, जिना वर पोचेना आणि जिन्यातली खिडकी भलत्याच जागी गेली. आता एकेक वस्तू हाताने उचलत बसायचं का?

नाही, भाऊ. हाताने एकही वस्तू उचलू नका. आत्तापर्यंत केलेले बदल मागे घ्या किंवा आधीची फाईल उघडा आणि तिची एक प्रत बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात करा. तुमच्याकडे दोन वेगळे बदल आलेत आणि तुम्ही ते एकाच हालचालीत करायला गेलात. जोतं वाढवणं म्हणजे घर आणि जमीन यांच्यातलं अंतर बदलणं. मजल्याची उंची वाढवणं म्हणजे घराच्या आतलं अंतर बदलणं. दोन्हींचा मॉडेलमधला रस्ता वेगळा आहे.

त्याआधी एककाचं बोलू, कारण आपल्याकडे गडबड इथूनच सुरू होते. मिस्त्रीचा टेप फुटात आणि मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये. दहा फूट म्हणजे ३०४८ मिमी. तुम्ही मॉडेलमध्ये ३००० टाकलं आणि साईटवर दहा फूट बांधलं, तर एका मजल्याला जवळजवळ दोन इंचांचा फरक पडतो आणि तो सगळा जिन्यावर येऊन बसतो. मी खाली आकडे मिमीत देतोय आणि ३००० व ३३०० घेतोय, म्हणजे ९ फूट १० इंच आणि १० फूट १० इंच. मालकाला हे चालेल का ते विचारा. त्याला पक्के अकरा फूटच हवे असतील तर ३३५३ घ्या, पण जे ठरेल ते सगळीकडे एकच असू द्या.

आता जोतं. बऱ्याच जणांच्या मॉडेलमध्ये शून्य लेव्हल जमिनीवर किंवा रस्त्यावर असते आणि तळमजला +४५० वर. अशा मॉडेलमध्ये जोतं ३०० ने वाढवायचं म्हटलं की तळमजला, पहिला मजला, गच्ची, टोपी, सगळंच वर न्यावं लागतं. माझा आग्रह असा की घराचं शून्य तळमजल्याच्या तयार फरशीच्या माथ्यावर ठेवा. मग जमीन −४५० वर येते आणि जोतं वाढवायचं तर घराला हातच लावायचा नाही. जमिनीची लेव्हल −७५० वर न्यायची. सगळी घालमेल शून्याच्या खाली होते. तुमच्या मॉडेलमध्ये शून्य जमिनीवर असेल आणि काम अजून नकाशापुरतंच असेल, तर एक दिवस घालवून ते फरशीवर आणा. पुढे रस्ता पुन्हा वर आला तरी वरच्या मजल्यांकडे बघावं लागणार नाही.

शून्याच्या खाली मी एकाऐवजी दोन रेषा ठेवेन: ‘सध्याची जमीन’ −७५० आणि ‘होणारा रस्ता’ −४५०. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५० मिमी वर हवं. जुन्या ४५० च्या जोत्यासमोर रस्ता ३०० ने वर आला तर हातात फक्त १५० उरतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी ओट्याशी येतं. मालकाची मागणी अगदी रास्त आहे. दोन रेषा असल्या की ओट्याच्या पायऱ्यांचाही उलगडा होतो. आज जमिनीपासून १५० च्या पाच उंच्या (पायरीचे चढ, रायजर) लागतील. पुढे रस्ता झाला आणि अंगणात भर पडली की खालच्या दोन बुजतील आणि तीन उरतील. म्हणून खालचा भाग वेगळा, विटांचा ठेवा, ओट्यात एकसंध ओतू नका. मोटारसायकल ओट्यावर चढवायची सवय असेल तर उतारही तपासा. १ः८ ने ७५० चढायला ६ मीटर लागतात, ४५० ला ३.६ मीटर. पुढच्या मोकळ्या जागेत ६ मीटर नसतील तर गाडीची जागा खालीच ठेवावी लागेल, आणि हे मालकाला आत्ताच सांगायला हवं.

फुटिंगच्या (कॉलमच्या पायाच्या) तळाची लेव्हल विसरू नका. ती जमिनीपासून १५०० खाली असेल तर आधी −१९५० होती, आता −२२५० हवी. ‘सध्याची जमीन’ आणि ‘फुटिंगचा तळ’ या दोन्ही रेषा एकत्र निवडून ३०० खाली न्या. फुटिंगपासून प्लिंथ बीमपर्यंतचे (जोत्याच्या पातळीवरच्या तुळईपर्यंतचे) कॉलम आपोआप लांब होतील, जर त्यांचा पाया आणि माथा लेव्हलला बांधलेला असेल तर. काळ्या मातीत फुटिंग किती खोल न्यायचं हा आरसीसी सल्लागाराचा, म्हणजे काँक्रीटच्या सांगाड्याचं डिझाईन करणाऱ्याचा, निर्णय. मॉडेल फक्त त्याचा आकडा पाळतं.

जमिनीचा पृष्ठभाग मॉडेलमध्ये असेल तर तोही ३०० खाली सरकवा. २०२४ पासूनच्या आवृत्तीत टोपोसॉलिड आहे. तो ‘सध्याची जमीन’ या लेव्हलला बांधलेला असेल तर आपणहून खाली जाईल. जुन्या आवृत्तीतली टोपोसर्फेस एलिव्हेशनमध्ये (घर समोरून दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये) मूव्ह करा. सर्व्हेवाल्याने रस्त्याकडेचा दगड १००.००० मीटर धरून लेव्हल घेतल्या असतील, तर घराचं शून्य आधी १००.४५० होतं, आता १००.७५० झालं. हे शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये, म्हणजे सर्व्हेच्या मोजमापाशी जोडलेल्या आकड्यांत, सांगायचं. प्रोजेक्टचं शून्य शून्यच राहतं. लेव्हलच्या टाईपमध्ये एलिव्हेशन बेस ‘सर्व्हे पॉईंट’ केला की त्याच रेषेवर १००.७५० दिसतं आणि ‘प्रोजेक्ट बेस पॉईंट’ केला की ०. नकाशात दोन्ही लागतात, म्हणून दोन टाईप करून ठेवा.

वाढलेल्या जोत्यात भर किती, हेही सांगून टाका. आत हजार चौरस फूट जागा असेल तर एक फूट जादा भर म्हणजे दहा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), तीही ठोकून बसलेली. त्यात खोदकामाची काळी माती परत टाकायची नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी हलवते. मुरूमच हवा, थराथराने, पाणी मारून, धुम्मसने बसवलेला. मॉडेलमध्ये याचा मागमूस दिसत नाही, म्हणून सेक्शनवर तशी टीप लिहा.

इथून वर मजल्याची उंची. त्यासाठी लेव्हलची रेषा नेमकी कशाचा माथा दाखवते हे आधी ठरवा: तयार फरशीचा की स्लॅबचा? दोन्ही पद्धती चालतात, पण एका मॉडेलमध्ये दोन्ही मिसळल्या की ७५ मिमीची चूक जागोजागी निघते. घरासारख्या कामात मी रेषा तयार फरशीवर ठेवतो. फ्लोअरचा माथा लेव्हलला आणि जाडी खाली, हा रेव्हिटचा रिवाज आहे. म्हणून फरशी आणि तिच्या खालचा मसाला मिळून ७५ चं एक फ्लोअर शून्य ऑफसेटवर (ऑफसेट म्हणजे लेव्हलपासूनचं अंतर), आणि स्लॅबचं वेगळं फ्लोअर −७५ वर. बीमच्या दोन्ही टोकांचे ऑफसेटही −७५. प्रत्येक मजल्याला फरशीची एक आणि स्लॅबची एक अशा दोन रेषा काढणारेही आहेत. मोठ्या इमारतीत, स्ट्रक्चरची फाईल वेगळी असताना, ते योग्यच. घरात मात्र जितक्या जास्त रेषा तितक्या वस्तू चुकीच्या रेषेला चिकटतात.

आता वरचा मजला बुटका का झाला ते बघा. लेव्हलचा आकडा शून्यापासून मोजलेला असतो, खालच्या लेव्हलपासून नाही. पहिला मजला ३००० चा ३३०० केलात, गच्ची ६००० वरच राहिली, म्हणून मधे २७०० उरले. एलिव्हेशनमध्ये पहिला मजला, गच्ची आणि टोपीचा माथा या तिन्ही रेषा एकत्र निवडा आणि ३०० वर मूव्ह करा. रेषा पिन केलेल्या असतील तर आधी पिन काढा, काम झालं की पुन्हा लावा. कुठलीही लेव्हल डिलीट करून नवी काढायची नाही; डिलीट केलेल्या लेव्हलवरच्या वस्तूही तिच्याबरोबर जातात.

तरीही रेषा हलवण्याआधी एक काम आहे, आणि खरा वेळ तिथेच द्या: कोण कशाला बांधलेलं आहे ते तपासणं. थ्रीडी व्ह्यूमध्ये तळमजल्याच्या सगळ्या भिंती निवडा, फिल्टर लावा, प्रॉपर्टीजमध्ये टॉप कन्स्ट्रेंट (भिंतीचा माथा कशाला बांधलाय ते) वाचा. सगळ्यांचा एकच असेल तर लेव्हलचं नाव दिसेल. वेगवेगळे असतील तर तसं दिसेल, मग शोधायला लागा. ‘अनकनेक्टेड’ असलेली भिंत तिच्या आकड्याएवढीच राहते, लेव्हल कितीही वर गेली तरी. तुमच्या अर्ध्यात थांबलेल्या भिंती याच. त्यांना पहिल्या मजल्याशी बांधा आणि बांधल्यावर टॉप ऑफसेट पुन्हा बघा, कारण आधी बीमच्या तळापर्यंत काढलेली भिंत आता थेट फरशीपर्यंत गेलेली असू शकते. याउलट काही भिंती अनकनेक्टेडच हव्यात: गच्चीचा कठडा, कंपाउंड, ओट्यावरची बसकी भिंत, बाथरूममधली आडोशाची भिंत. डोळे झाकून सगळं लेव्हलला बांधलंत तर कठडा टोपीच्या माथ्याला जाऊन भिडेल.

खिडक्या-दारांची सिल (खालची कड) त्यांच्या लेव्हलपासून मोजली जाते. तळमजल्यावरच्या खिडक्या जागेवर राहतील, पहिल्या मजल्यावरच्या त्याच्याबरोबर चढतील. एलिव्हेशनमध्ये बसवलेल्या खिडकीने मात्र कोणती लेव्हल धरलीय हे प्रॉपर्टीजमध्ये वाचा. फॉल्स सीलिंग, माळे, कपाटं खालच्या लेव्हलपासून मोजलेली असतात, म्हणून ती जिथल्या तिथे राहतील. ती वर न्यायची का हे तुम्ही ठरवायचं.

इथेच मालकाच्या हेतूकडेही बघा. ३००० मध्ये ७५ फरशी आणि १२५ स्लॅब वजा केला तर २८०० निव्वळ उंची मिळते, संहितेची २.७५ मीटरची अट तेवढ्यात भागत होती. ३३०० केल्यावर ३१०० मिळतात. पण लिंटेल (दारं-खिडक्यांवरची आडवी तुळई) २१०० वरच ठेवलं, तर वरच्या मीटरभर जागेत तापलेली हवा कोंडून राहते आणि पैसा खर्चून गारवा मिळत नाही. जादा उंची कामाला यायची असेल तर लिंटेल वर घ्या किंवा समोरासमोरच्या भिंतींत बीमखाली झरोके काढा. बीम ४५० चा असेल तर त्याचा तळ ३३०० वजा ७५ वजा ४५०, म्हणजे २७७५ वर येतो. लिंटेल १५० चं धरलं तर त्याच्या माथ्यापासून बीमपर्यंत ५२५ उरतात. झरोका आरामात बसतो. खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीचं जाड छत उष्णता थोपवायचं. पाच इंची स्लॅबला ते जमत नाही, म्हणून हवेला वरून बाहेर पडायला वाट द्यावीच लागते.

जिना. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या, कारण पायरीतला दोन बोटांचा फरकही माणसाला पाडतो. ३००० ला १५० च्या वीस उंच्या होत्या. ३३०० ला दोन मार्ग: वीसच ठेवून प्रत्येकी १६५, किंवा बावीस करून १५०. घरासाठी संहितेची कमाल मर्यादा १९० आहे, तेव्हा १६५ नियमात बसते. बावीस केल्या तर दोन फेऱ्यांच्या जिन्यात प्रत्येक फेरीला एक पायरी वाढते, म्हणजे २५० च्या पायरीने जिन्याची खोली २५० ने लांब हवी. म्हातारी माणसं वरच्या मजल्यावर राहणार असतील तर मी बावीस घेईन आणि खोली वाढवीन. जागा नसेल तर वीस. रेव्हिटमध्ये जिन्याची बेस लेव्हल आणि टॉप लेव्हल बरोबर आहे ना ते पाहा, मग हवी ती रायजरची संख्या द्या आणि एडिट स्टेअर्समध्ये जाऊन फेऱ्या पुन्हा बसवा. जिना वरच्या उंचीपर्यंत पोचत नाही असा इशारा आला तर तो बंद करून पुढे जाऊ नका. शाफ्ट ओपनिंगचा (जिन्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेचा) माथाही तपासा, नाहीतर जिना चढून स्लॅबला डोकं लागेल.

तुमची जिन्यातली खिडकी का भरकटली, त्याचा हिशोब असा. जिन्याचा मधला चौथरा (लँडिंग) १५०० वर होता, त्यावर ९०० सिल म्हणजे खिडकी २४०० वर. आता चौथरा १६५० वर गेला, खिडकी २५५० वर हवी. ती तळमजल्याच्या लेव्हलला बांधलेली असेल तर २४०० वरच राहिली, १५० खाली. पहिल्या मजल्याला −६०० सिलने बांधलेली असेल तर २७०० वर गेली, १५० वर. कुठेही बांधलेली असो, लेव्हल हलवून ती बरोबर जागी येणारच नाही, कारण चौथरा ३०० नव्हे, १५० ने चढलाय. जिन्यातल्या खिडक्या म्हणूनच मी शेवटी, चौथऱ्याकडे बघून, हाताने बसवतो. वस्तू हाताने हलवू नका म्हटलं, त्याला हा एक अपवाद.

सेंटरिंगवाल्याला (काँक्रीटचे साचे लावणाऱ्याला) द्यायचा आकडा आणखी वेगळा आहे. मॉडेलमधली पायरी तयार असते, तो कच्ची ओततो. फरशी ७५ ची आणि पायरीवरचा दगड मसाल्यासकट ४० चा असेल, तर पहिली कच्ची उंची १६५ अधिक ७५ वजा ४०, म्हणजे २०० हवी. शेवटची १६५ वजा ७५ अधिक ४०, म्हणजे १३०. मधल्या अठरा १६५ च्या. बेरीज करा, ३३०० येते. मिस्त्रीने सगळ्या १६५ ने ओतल्या तर फरशी झाल्यावर खालची पायरी १३० ची आणि वरची २०० ची होते, आणि उतरताना पहिलंच पाऊल चुकतं. हे तीन आकडे जिन्याच्या सेक्शनवर मोठ्या अक्षरात लिहा.

गच्चीचं थोडक्यात. ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) पाणी जाण्याच्या तोंडाशी ७५ जाड असेल आणि १ः१०० चा उतार ६ मीटर लांब असेल, तर दुसऱ्या टोकाला तो १३५ होतो. फ्लोअर टाईपमध्ये तो थर ‘व्हेरिएबल’ करा आणि टोकाचे बिंदू वर उचला, म्हणजे स्लॅब सपाट राहून फक्त कोबा उताराचा होतो. टोपीच्या दाराचा उंबरा कोब्याच्या माथ्याहून वर हवा, म्हणून दुसऱ्या जिन्याच्या उंच्यांची संख्या पहिल्यासारखीच निघेल असं धरू नका.

संडास-बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब, बाल्कनीची इंचभर खाली फरशी, यांसाठी नव्या लेव्हल काढायच्या नाहीत. ते फ्लोअरच्या ऑफसेटमध्ये भागतं. जुन्या घरांच्या दुरुस्तीत हा मोह जास्त होतो. अमळनेर, पारोळा, एरंडोलच्या जुन्या भागात ओटा एका उंचीवर, पुढची खोली चार इंच वर, स्वयंपाकघर मागाहून बांधलेलं म्हणून पुन्हा खाली, असं सर्रास असतं. प्रत्येकाला लेव्हल दिलीत तर भिंतींना काय कुठे बांधायचं ते तुम्हालाच कळेनासं होईल. माझी कसोटी एवढीच: डोक्यावरचं छत वेगळ्या उंचीला असेल तर वेगळी लेव्हल, फक्त पायाखालची फरशी वेगळी असेल तर ऑफसेट. मोजणी पाण्याच्या नळीने घ्या, सगळ्या खोल्यांत एकच आडवी रेघ मारून तिच्यापासून खाली फरशी आणि वर छत मोजा. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजत गेलात की फरक साचत जातो.

व्ह्यूंचं फार काही नाही. कट प्लेन (प्लॅन ज्या उंचीवर घर आडवं कापून दाखवतो ते) त्या त्या लेव्हलपासून मोजलेलं असतं, प्लॅन बिघडत नाहीत. एलिव्हेशन-सेक्शनची क्रॉप चौकट वाढवावी लागेल. हाताने टाईप केलेल्या उंच्या मात्र जुन्याच राहतात, त्या शोधून काढा आणि त्यांच्या जागी स्पॉट एलिव्हेशन (मॉडेलमधून उंची आपोआप वाचणारी खूण) लावा. मग जिन्यातून जाणारा आणि बाथरूममधून जाणारा असे दोन सेक्शन उघडून प्रत्येक स्लॅब, बीम, भिंत, सिल डोळ्याने वाचा आणि इशाऱ्यांची यादी शेवटपर्यंत बघा.

आरसीसी सल्लागार रेव्हिटमध्ये काम करत असेल आणि त्याने तुमच्या लेव्हल कॉपी/मॉनिटर केल्या असतील, तर कोऑर्डिनेशन रिव्ह्यूमध्ये त्याला बदल दिसतील. पण आपल्याकडे बहुतेकदा त्याच्याकडून ऑटोकॅडची फाईल येते आणि तुमची लेव्हल हलल्याचं त्याला कळत नाही. तळमजल्याचा कॉलम ३०० ने आणि फुटिंगपासून प्लिंथपर्यंतचा आणखी ३०० ने लांब झालाय. कॉलमचं डिझाईन त्याने पुन्हा तपासल्याशिवाय सळई कापायची नाही. एका पानावर तक्ता करा: प्रत्येक लेव्हलचं नाव, तयार फरशीची उंची, स्लॅबच्या माथ्याची उंची, मिमी आणि फूट-इंच दोन्हीत, वर तारीख. पहिल्या मजल्यापुढे +३३०० आणि +३२२५, तळमजल्यापुढे ० आणि मुरुमावरच्या कच्च्या काँक्रीटचा माथा −७५. एक प्रत सल्लागाराला, एक मालकाला, एक मिस्त्रीला. जुन्या तारखेचा तक्ता साईटवरून काढून घ्या.